रक्ताच्या एका थेंबाचा धडा



या अंकाच्या अभ्यासलेखासाठी मला 'भारतीय विज्ञानाची अलीकडची प्रगती' हा विषय मिळाला. मी 31 वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे आनंदाने होकार दिला. पण यादी करायला बसले आणि कागद पुरेना. चांद्रयान-3 चंद्रावर उतरले. सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल 1 जानेवारी 2024 मध्ये ठरलेल्या जागी पोहोचले आणि त्यावरची एक दुर्बीण तर आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केलेली. जुलै 2025 मध्ये भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनवलेला निसार उपग्रह श्रीहरिकोटाहून उडाला. प्रत्येकावर एक लेख होईल. शेवटी ठरवले की यादी बाजूला ठेवायची आणि मी स्वतः जवळून पाहिलेले एकच काम नीट समजावून सांगायचे. ते काम रक्ताच्या एका थेंबाचे आहे.

जेवणघरातल्या दोन घटना

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ मला लख्ख आठवते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वसतिगृहाच्या जेवणघरात सगळी मुले टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली होती. निवृत्तीनंतर मी तिथे संध्याकाळी अभ्यास घेते. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि मुलांनी ताटे वाजवली. स्वयंपाकाच्या मावशी पिठाच्या हातांनीच टाळ्या वाजवत होत्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच जेवणघरात दुसरी घटना घडली. आरोग्य केंद्रातून दोन परिचारिका, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आशाताई आल्या. टेबलावर काचेच्या छोट्या नळ्या मांडल्या. एकेका मुलाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब नळीतल्या द्रावणात टाकत होते. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरला होता. द्रावण स्वच्छ राहिले तर पलीकडच्या रेघा दिसतात. ते गढूळ झाले तर रेघा दिसेनाशा होतात.

अकरावीतल्या एका मुलाच्या नळीतल्या रेघा दिसेनाशा झाल्या. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "बाई, माझ्या ताईलाही हेच होतं का?"

मला उत्तर देता आले नाही, कारण त्याच्या ताईला मी ओळखत होते.

मी केलेली चूक

2008 साली ती सहावीत आमच्या शाळेत आली. धडगावकडच्या एका पाड्यावरची मुलगी. अक्षर मोत्यासारखे, गणितात हुशार. पण थंडी सुरू झाली की सकाळी उठायची नाही. हंडा उचलायची वेळ आली की हात दुखतो म्हणायची, खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसायची. कधी पाय, कधी पाठ, कधी पोट दुखायचे. ताप आला तर दोन दिवस राहायचा. एकदा सगळ्या मुलींसमोर मी तिला म्हणाले, "तुला आळसाचा आजार आहे."

ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली, ती परत आली नाही. त्या थंडीत ती गेली. घरच्यांनी आधी भगताला दाखवले आणि मग झोळीत घालून दवाखान्यात नेले. तोवर फार उशीर झाला होता. तिथे रक्त तपासले तेव्हा सिकलसेल हा शब्द तिच्या घरात पहिल्यांदा ऐकू आला. मीही तो तेव्हाच नीट समजून घेतला. विज्ञानाची शिक्षिका असून दोन वर्षे माझ्यासमोर बसलेल्या मुलीचा आजार मला ओळखता आला नव्हता.

म्हणून हा लेख मी आधी स्वतःसाठी लिहिते आहे.

हा आजार आहे तरी काय?

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांतले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. या हिमोग्लोबिनमध्ये प्रथिनांच्या लांब साखळ्या असतात. त्यांतल्या एका साखळीत 146 दुवे असतात आणि सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू कमी झाला की पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

वाकडी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. मागून येणाऱ्या पेशीही तिथेच तुंबतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे असह्य वेदना सुरू होतात. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अति श्रम यांमुळे हे घडते. म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटे, थंड पाण्याचा हंडा उचलताना. शिवाय निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर विळ्यासारखी पेशी 10 ते 20 दिवसांतच मरते. त्यामुळे रक्त सतत कमी पडते, डोळे पिवळे दिसतात आणि दम लागतो.

हा आजार शिवण्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात झोपल्याने होत नाही. तो आईवडिलांकडूनच येतो. रक्तगटाशीही त्याचा संबंध नाही.

चिंचोके आणि मक्याचे दाणे

हा भाग मी मुलांना चिंचोके आणि मक्याचे दाणे घेऊन शिकवते. तुम्हीही घरी करून पाहा.

प्रत्येक माणसाकडे या गुणाच्या दोन बिया असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. मक्याचा दाणा म्हणजे निरोगी गुण, चिंचोका म्हणजे सिकलसेलचा गुण. दोन्ही दाणे मक्याचे असतील तर माणूस निरोगी. एक दाणा आणि एक चिंचोका असेल तर तो 'वाहक'. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. तो शेती करतो, धावतो, म्हातारा होतो. दोन्ही चिंचोके असतील तर तो रुग्ण.

आता आई वाहक आणि वडीलही वाहक आहेत असे समजा. दोघांच्या मुठीत एक दाणा आणि एक चिंचोका. प्रत्येकाने न पाहता एक बी काढायची. असे पुन्हा पुन्हा केले की कळते, चारात एकदा दोन्ही दाणे येतात, दोनदा एक-एक येते आणि एकदा दोन्ही चिंचोके. प्रत्येक बाळंतपणात हीच शक्यता नव्याने असते. म्हणून एकाच घरात एक मूल धडधाकट आणि दुसरे सतत आजारी असे घडते, आणि मग लोक त्याचे कारण भलतीकडे शोधतात.

चाचणी दोन टप्प्यांत का होते, हेही यावरून समजते. गढूळ झालेली नळी एवढेच सांगते की चिंचोका आहे. एक आहे की दोन, हे सांगत नाही. त्यासाठी दुसरा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथले यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजते. आता काही मिनिटांत निकाल देणाऱ्या छोट्या चाचणीपट्ट्याही आल्या आहेत.

ही लाज नव्हे

भारतात सिकलसेल पहिल्यांदा 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. पुढे मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत तो आढळला. आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतचा पट्टा त्यात येतो.

आदिवासींमध्येच जास्त का, असे लोक विचारतात, आणि विचारतानाच सूर खालचा असतो. विज्ञानाचे उत्तर सरळ आहे. ज्याच्याकडे एकच चिंचोका आहे, त्या वाहक बाळाला हिवतापाने मरण येण्याचा धोका कमी असतो. हिवतापाच्या जंगलात हजारो वर्षे राहिलेल्या माणसांमध्ये हा गुण म्हणूनच टिकला. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तेच झाले. ज्या गुणाने कित्येक पूर्वजांना वाचवले, तोच दोन्हीकडून आला की आजार होतो. यात कोणाचा दोष नाही. हे वाक्य आपण मुलांना पाठ करून द्यावे असे मला वाटते.

देशाने उचललेले पाऊल

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 17 राज्यांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जुलै 2025 अखेर 6 कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. त्यांत 2 लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे 17 लाख वाहक आढळले. आमच्या जेवणघरातली ती नळी याच कामाचा भाग होती.

या आजारावरचे संशोधन आपल्या राज्यातही होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था रक्ताच्या अशा आजारांवर काम करते. डिसेंबर 2022 मध्ये चंद्रपूरला यासाठीच एक स्वतंत्र केंद्र सुरू झाले.

औषधही आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रक्तातले बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढवते आणि त्यामुळे पेशी कमी वाकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, मधूनमधून रक्त तपासत घ्यावे लागते. लहान मुलांना देता येईल असे या औषधाचे पातळ रूपही आता भारतात तयार होते. सोबत फॉलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी, ऊबदार कपडे आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. एवढे सांभाळले तर बहुतेक मुले शाळा पूर्ण करू शकतात.

पेशीला शिकवून परत पाठवणे

आता सर्वांत नव्या कामाकडे येते. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकात बदल करायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार आहे. मुलांना मी सांगते, पेशीला शाळेत घालून शिकवायचे आणि घरी पाठवायचे. गेल्या काही वर्षांत भारतात अशी तीन कामे झाली.

पहिले मुंबईचे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांवर नेक्सकार-19 हा उपचार तयार केला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. परदेशात अशा उपचाराला जेवढा खर्च येतो, त्याच्या साधारण दहाव्या भागात तो इथे होतो. 4 एप्रिल 2024 रोजी पवईला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. संथाळ समाजातून आलेल्या राष्ट्रपती प्रयोगशाळेत उभ्या आहेत, हे छायाचित्र मी आमच्या मुलींना मुद्दाम दाखवले.

दुसरे वेल्लोरचे. तिथले ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. 1900 साली डॉ. आयडा स्कडर यांनी एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्यातून ते उभे राहिले. त्याच ठिकाणी हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजाराच्या पाच रुग्णांवर जनुकीय उपचार झाले. डिसेंबर 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना वारंवार रक्तस्राव व्हायचा, त्यांना उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात तो झाला नाही.

तिसरे काम थेट सिकलसेलचे. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतले डॉ. देबज्योती चक्रवर्ती आणि डॉ. सौविक मैती हे जनुकातली चूक नेमकी ओळखून दुरुस्त करणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर काम करत होते. त्यांच्यासमोर आजार होता सिकलसेल. 2020 मध्ये करोना आला तेव्हा त्यांनी त्याच तंत्रातून 'फेलुदा' ही करोनाची चाचणी तयार केली. थोडा विचार करा. आदिवासींच्या आजारासाठी चाललेले काम आधी शहरांच्या उपयोगी पडले.

नोव्हेंबर 2025 मध्ये, भगवान बिरसा मुंडा यांच्या 150 व्या जयंतीच्या पर्वात, याच संस्थेच्या सिकलसेलवरील स्वदेशी जनुकीय उपचाराची घोषणा झाली. त्याला 'बिरसा 101' असे नाव दिले आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले जात आहे. अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या अशा उपचाराची किंमत 22 लाख डॉलर आहे, हे लक्षात घेतले की आपल्या देशात तो स्वस्तात करण्याचे महत्त्व कळते.

इथे एक सावधगिरीचा शब्द. घोषणा म्हणजे उपचार नव्हे. माणसांवरच्या चाचण्या, त्यांचे निष्कर्ष, मग मान्यता यांना वेळ लागतो. आमच्या एका पालकांनी बातमी ऐकून मुलाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. नवे औषध येणार असेल तर जुने कशाला, असे त्यांना वाटले. तेव्हा बातमी सांगताना ती पूर्ण सांगावी.

पाड्यावरचा ओटा

त्या मुलाचा दुसरा अहवाल आला. तो वाहक निघाला, रुग्ण नव्हे. त्या दिवशी मी त्याला त्याच्या ताईबद्दल सगळे सांगितले, मी तिला काय म्हणाले होते तेही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, हे घरी सांगायला याल?"

आशाताईंना घेऊन आम्ही गेलो. गाडीरस्ता संपल्यावर तासभर चढ होता. ओट्यावर बसून मी खिशातून चिंचोके आणि मक्याचे दाणे काढले. मी मराठीत सांगत होते आणि तो पावरीत. त्याच्या आईने मुठीतून बी काढली, वडिलांनी काढली. तिसऱ्या की चौथ्या वेळी दोघांच्या हातात चिंचोके आले. आई ते दोन चिंचोके हातात घेऊन किती तरी वेळ पाहत राहिली. मग तिने मुलाला काही विचारले.

"ती विचारते," तो म्हणाला, "म्हणजे कोणी काही केलं नव्हतं?"

मला तेव्हा कळले की मुलगी गेली तेव्हा भगताने नजर लागल्याचे सांगितले होते. बोट दाखवले होते ते तिच्या चुलत सासूकडे, त्याच पाड्यावर एकटी राहणाऱ्या म्हातारीकडे. त्या दिवसापासून 14 वर्षे या घरातले कोणी त्या घरचे पाणी प्यायले नव्हते.

"कोणीच काही केलं नव्हतं," मी म्हणाले. "तुम्हीही नाही, तीही नाही."

आम्ही उतरायला निघालो तेव्हा ती माऊली आमच्याबरोबर चार घरे खाली आली. म्हातारीच्या दारात थांबली आणि तिने प्यायला पाणी मागितले. म्हातारी आधी आत गेली. बऱ्याच वेळाने तांब्या घेऊन बाहेर आली.

आपला वाटा

प्रयोगशाळेतले काम शास्त्रज्ञ करत आहेत, आणि चांगले करत आहेत. पण नळीतून निघालेले उत्तर ओट्यापर्यंत न्यायला माणूस लागतो. ते काम आपल्याला करता येण्यासारखे आहे. तपासणीच्या दिवशी मुलांना आणणे, कार्ड हरवू नये म्हणून त्याची प्रत ठेवणे, वाहक मुलीचे लग्न मोडू पाहणाऱ्याला समजावणे. एक वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात असा कोणताही दोष नसेल, तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढेच. आणि वसतिगृहात एखादे मूल थंडीत उठत नसेल, तर त्याला काही बोलण्याआधी त्याचे डोळे, नखे आणि अंग तपासून पाहावे.

आमच्या वसतिगृहात आता हिवाळ्यात पाणी तापवले जाते आणि ज्यांच्याकडे तसे कार्ड आहे त्या मुलांना हंडा उचलू देत नाहीत. तो मुलगा बारावी झाला. सुट्टीत घरी जाताना त्याच्या पिशवीत चिंचोके असतात. पाड्यापाड्यांवर तो हा धडा घेतो, आणि माझ्यापेक्षा चांगला घेतो, कारण त्याला मध्ये भाषांतर करावे लागत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. वाहक आणि रुग्ण यांतला फरक तुमच्या शब्दांत, चिंचोके आणि दाणे वापरून, घरातल्या लहान मुलाला सांगता येईल का? करून पाहा.

2. द्रावण गढूळ झाले म्हणजे मूल रुग्ण आहे असे का म्हणता येत नाही?

3. आजाराचे कारण माहीत नसले की आपण कोणाकडे तरी बोट दाखवतो. आपल्या घरात किंवा शेजारी असे कधी घडले आहे का? ते मिटवायला आज काय करता येईल?

4. विज्ञानातल्या एखाद्या नव्या शोधाची बातमी दुसऱ्याला सांगताना ती पूर्ण आणि खरी सांगण्यासाठी आपण कोणती काळजी घ्याल?

5. तुमच्या ओळखीच्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात सिकलसेलची तपासणी झाली आहे का? मुलांची कार्डे कोणाकडे आहेत? पुढच्या बैठकीपूर्वी विचारून या.